खडकातील दाबाची दिशा कशी ओळखतात?

कोयना खोऱ्यातील एका गावी ग्रामसभा आटोपल्यावर पंचायतीच्या एका वयोवृद्ध सदस्यांनी प्रस्तुत लेखकाला विचारले, "गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं म्हणता. विहीर खणली की पाणी तरी दिसतं. त्या भोकात तुम्हाला काय दिसलं, साहेब? पुढचा भूकंप कधी, ते कळलं का?" लेखक कला शाखेचा पदवीधर, भूशास्त्र हा त्याचा विषय नव्हे. त्या दिवशी काही सर्वसाधारण वाक्ये बोलून वेळ निभावून नेली, परंतु प्रश्न मनात राहिला. पुढे या विषयावरील माहिती जमवून वाचली, तेव्हा ध्यानात आले की प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर बरेचसे देता येते. दुसऱ्या भागाचे उत्तर 'नाही' असे आहे आणि तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. भूकंपप्रवण भागात काम करणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना लोक हाच प्रश्न विचारतात. म्हणून ही माहिती येथे क्रमाने दिली आहे.

दाब म्हणजे काय?

आपल्या पायाखालचा खडक स्थिर दिसतो. पण तो मोकळा नसतो. त्याच्यावर वरच्या थरांचे ओझे असते आणि चहूबाजूंनी शेजारचा खडक त्याला रेटत असतो. या अंतर्गत दाबाला शास्त्रीय परिभाषेत 'प्रतिबल' म्हणतात. या लेखात आपण सोयीसाठी 'दाब' हाच शब्द वापरू.

वरून येणाऱ्या दाबाचा हिशेब सोपा आहे. ग्रॅनाइटसारखा खडक पाण्याच्या सुमारे २.७ पट जड असतो. म्हणून एक किलोमीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २७० किलोग्रॅम इतके ओझे पडते. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, त्याहून थोडा जड असल्याने त्याच्या बाबतीत हा आकडा २९० च्या आसपास जातो.

आडव्या दाबाचे गणित मात्र असे घरबसल्या मांडता येत नाही. स्विस भूवैज्ञानिक आल्बर्ट हाइम यांनी १८७८ मध्ये असे मत मांडले की, पुरेशा खोलीवर खडक सर्व दिशांनी सारखाच दाबला जात असावा, जसे पाणी दाबले जाते तसे. हे मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. १९५० च्या दशकात स्वीडनमधील निल्स हास्ट यांनी तेथील खाणींत प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा अनेक ठिकाणी आडवा दाब वरच्या ओझ्यापेक्षाही अधिक भरला. शिवाय तो सर्व दिशांना सारखा नव्हता. एका दिशेने तो सर्वांत अधिक आणि तिच्याशी काटकोनातील दिशेने सर्वांत कमी आढळला. 'दाबाची दिशा' असे आपण म्हणतो ते या सर्वांत अधिक असलेल्या आडव्या दाबाच्या दिशेला.

ही दिशा खडकाकडे नुसते पाहून कळत नाही. दाबलेला दगड आणि मोकळा दगड दिसायला सारखेच असतात. त्याचा तोल थोडा बिघडवल्यावरच तो आपली स्थिती प्रकट करतो. तोल बिघडवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्यात छिद्र पाडणे.

मोकळा केलेला दगड

पहिली पद्धत बोगद्यांत आणि खाणींत वापरली जाते. खडकात प्रथम एक बारीक छिद्र घेतात आणि त्याच्या आतील भिंतीला अत्यंत सूक्ष्म हालचाल नोंदवणारी मापके चिकटवतात. नंतर त्या छिद्राभोवती मोठ्या व्यासाच्या पोकळ यंत्राने गोलाकार काप घेतात. त्यामुळे मधला दगड आजूबाजूच्या खडकापासून सुटा होतो. दाबून धरलेला चेंडू हातातून सोडला की फुगतो. हा दगडही तसाच किंचित पसरतो. ज्या दिशेने तो सर्वांत अधिक पसरला, त्या दिशेने तो सर्वांत अधिक दाबला गेला होता. हे पसरणे डोळ्यांना दिसण्याजोगे नसते, पण मापकांवर त्याची नोंद होते.

या पद्धतीने दिशा आणि प्रमाण ही दोन्ही कळतात. तिची मर्यादा अशी की, सामान्यतः जेथे माणूस आणि यंत्र पोहोचू शकतात अशा बोगद्याच्या वा खाणीच्या भिंतीपासून काही मीटर आतपर्यंतच ती उपयोगी पडते.

पाण्याने उघडलेली फट

दुसरी पद्धत आपल्या ग्रामीण भागाला अगदीच अपरिचित नाही. विंधण विहिरीचे पाणी कमी झाले की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची गाडी येते, छिद्रात फुगणारा रबरी दट्ट्या बसवते आणि मोठ्या दाबाने पाणी आत सोडते. बुजलेल्या भेगा त्यामुळे मोकळ्या होतात आणि काही विहिरींचे पाणी वाढते. अनेक पंचायत सदस्यांनी हे काम पाहिले असेल. दाबाची दिशा शोधण्याची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. फरक हेतूचा आणि काटेकोरपणाचा आहे.

येथे छिद्रातील अशी जागा निवडतात की जेथे जुनी भेग नाही. तिच्या वर आणि खाली असे दोन रबरी दट्टे फुगवून सुमारे एक मीटरचा भाग बंद करतात आणि त्यात पाण्याचा दाब वाढवत नेतात. एका क्षणी खडक फुटतो व फट पडते. ही फट हवी तशी पडत नाही. फट पडायची म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंच्या खडकाला मागे सरावे लागते आणि तो मागे सरतो तो विरोध सर्वांत कमी असलेल्या दिशेने. साहजिकच फट रुंदावते ती सर्वांत कमी दाबाच्या दिशेने आणि लांबत जाते ती सर्वांत अधिक दाबाच्या दिशेने. अमेरिकेतील हबर्ट आणि विलिस या शास्त्रज्ञांनी हे तत्त्व १९५७ मध्ये स्पष्टपणे मांडले.

त्यानंतर मऊ रबराचे आवरण असलेला दट्ट्या त्याच जागी फुगवून फटीचा ठसा घेतात. दट्ट्याबरोबर होकायंत्र सोडलेले असते, त्यामुळे ठशाची दिशा नोंदवली जाते. फट ज्या दिशेने गेली, तीच मोठ्या आडव्या दाबाची दिशा. पंप बंद केल्यावर पाण्याचा दाब जेथे स्थिरावतो त्यावरून सर्वांत कमी दाब किती, हेही काढता येते.

मात्र एक काळजी घ्यावी लागते. फारशी खोली नसलेल्या ठिकाणी वरचे ओझेच सर्वांत कमी असू शकते. तेथे फट आडवी पडते आणि तिच्यावरून दिशा सांगता येत नाही. म्हणून एका फटीवर विसंबून न राहता निरनिराळ्या खोलींवर ही चाचणी पुन्हा पुन्हा करतात.

लांबट झालेले छिद्र

तिसरी पद्धत योगायोगाने हाती आली असे म्हणता येईल. तेलासाठी घेतलेली खोल छिद्रे गोल राहत नाहीत, काही ठिकाणी ती अंड्यासारखी लांबट होतात, असे खोदकाम करणाऱ्यांच्या अनुभवास येत असे. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक विहिरींमध्ये ही लांबट बाजू एकाच दिशेला, वायव्य-आग्नेय अशी आढळली. बेल आणि गॉफ या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये त्याची उकल केली: ही खडकातील दाबाची खूण होती.

याचे कारण समजण्यासाठी नदीतील पुलाच्या खांबाकडे पाहावे. प्रवाह खांबावर येतो, दुभंगतो आणि खांबाच्या दोन्ही कुशींना त्याचा जोर वाढतो. खडकातील दाबही छिद्राला असाच वळसा घालतो. एकाच दिशेने दाब असेल तर छिद्राच्या दोन कुशींना तो तिपटीपर्यंत वाढतो, हे जर्मन अभियंता किर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने दाखवले होते. वाढलेला दाब सहन न झाल्याने कुशींच्या बाजूने खडकाच्या चिपा सुटतात आणि छिद्र त्या दिशेने रुंद होते. म्हणून नियम असा: छिद्राची लांबट बाजू ज्या दिशेला, तिच्याशी काटकोनात मोठा दाब. आल्बर्टात तो ईशान्य-नैर्ऋत्य ठरला.

आज छिद्रात ध्वनिलहरी सोडणारे उपकरण उतरवून भिंतीचे चित्र घेतात. त्यात सुटलेल्या चिपांच्या जागा दिसतात. त्याशिवाय खोदताना पडलेल्या बारीक उभ्या चिरा दिसतात, आणि या चिरा मोठ्या दाबाच्या दिशेलाच असतात. एक खूण काटकोनात आणि दुसरी सरळ अशा दोन साक्षी जुळल्या की निष्कर्षावर अधिक विश्वास ठेवता येतो. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात १९९४ मध्ये ९,१०१ मीटर खोलीपर्यंत पोहोचलेल्या संशोधन विहिरीतही हीच तपासणी करण्यात आली होती.

भूकंपाच्या नोंदीतून

जेथे छिद्र पोहोचत नाही तेथे भूकंपच माहिती देतो. धक्का बसला की चहूबाजूंच्या केंद्रांवर त्याची नोंद होते. काही केंद्रांवर जमिनीची पहिली हालचाल धक्क्याच्या जागेपासून दूर, म्हणजे ढकलल्यासारखी असते. काहींवर ती त्या जागेकडे, म्हणजे ओढल्यासारखी असते. या नोंदी नकाशावर मांडल्या की ढकलण्याचे आणि ओढण्याचे विभाग वेगळे होतात आणि त्यावरून खडक कोणत्या पातळीवर व कोणत्या दिशेने सरकला हे ठरवता येते. जुनी भेग दाबाच्या दिशेशी तिरपी असतानाही सरकू शकते, म्हणून एका धक्क्यावरून काढलेली दिशा अंदाजाची असते. अनेक धक्क्यांचा एकत्र विचार केला म्हणजे ती पक्की होत जाते.

या चारही पद्धतींनी मिळालेली माहिती एकत्र करून जगाचा दाब-नकाशा तयार करण्याचे काम १९८६ मध्ये सुरू झाले. त्यातून दिसले की शेकडो किलोमीटरच्या प्रदेशात दिशा बरीचशी एकसारखी असते. याचा अर्थ, हा दाब एखाद्या डोंगराचा वा दरीचा नसून भूपृष्ठाच्या प्रचंड तबकड्या एकमेकींना रेटत असल्यामुळे निर्माण होतो.

भारतभूमीवरील दाब

आपली भूमी ज्या तबकडीवर आहे ती दर वर्षी सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तर-ईशान्येकडे सरकत आहे आणि हिमालयाच्या ओळीवर आशिया खंडाला भिडलेली आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने द्वीपकल्पात पाण्याच्या दाबाच्या चाचण्या केल्या. त्यांवरून आणि भूकंपांच्या नोंदींवरून मध्य भारताच्या विस्तृत पट्ट्यात मोठा आडवा दाब साधारणतः उत्तर ते ईशान्य या दिशेचा असल्याचे दिसून आले. हिमालयात घडणाऱ्या टकरीचा रेटा दख्खनपर्यंत पोहोचतो, तो असा.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे गेली. जो प्रदेश स्थिर समजला जात होता तेथे खडकाचा एक भाग दुसऱ्यावर रेटला गेला होता, आणि हा रेटा उत्तर-ईशान्येच्या या दाबाशी जुळणारा होता.

अभियांत्रिकी कामातही या दिशेला महत्त्व आहे. भूमिगत वीजगृहाचे दालन लांब आणि उंच असते. त्याची लांबी मोठ्या दाबाच्या दिशेला ठेवली तर उंच भिंतींवर रेटा कमी येतो. आडवी ठेवली तर त्याच भिंती आत सरकू पाहतात. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. २००१ मध्ये बंद होईपर्यंत तेथे दाबाने खडक स्फोटासारखा फुटून कामगार दगावण्याचे प्रसंग घडले. याच कोलारला १९८८ मध्ये राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्था स्थापन झाली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

कोयनेचा प्रश्न

आता त्या सदस्यांच्या प्रश्नाकडे वळू. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हापासून या भागात ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून अधिक धक्के बसले. लहान धक्क्यांची गणती हजारोंनी आहे. हे सर्व सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद अशा एवढ्याशा क्षेत्रात आणि बहुतांशी दहा किलोमीटरच्या आतील खोलीवर घडते. १९६७ च्या भूकंपात उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य अशा जवळजवळ उभ्या प्रस्तरभंगावर दोन बाजूंचे खडक एकमेकांना घासून आडवे सरकले, असा अभ्यासाचा निष्कर्ष आहे. दक्षिणेस वारणेच्या बाजूला मात्र खडक खाली घसरण्याचा प्रकार अधिक आढळतो.

जलाशयाने भूकंप निर्माण केला का, असे नेहमी विचारले जाते. खडकातील दाब जलाशयाच्या आधीपासूनच होता. पाणी भेगांतून खोल झिरपते, भेगेतील पाण्याचा दाब वाढतो आणि दोन बाजूंच्या खडकांची एकमेकांवरील पकड सैल होते. आधीच सरकण्याच्या बेतात असलेली भेग मग लवकर सरकते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील रेंजली येथील तेलक्षेत्रात १९७० च्या सुमारास हे प्रयोगाने पडताळून पाहण्यात आले. खडकातील दाब मोजून घेण्यात आला, भेगांतील पाण्याचा दाब वाढवला तेव्हा धक्के वाढले, उतरवला तेव्हा ते कमी झाले. मोजलेल्या दाबावरून काढलेली धोक्याची मर्यादा प्रत्यक्षाशी जुळली.

गोठणे येथील छिद्र याच विचारातून घेण्यात आले. केंद्र शासनाच्या भूविज्ञान मंत्रालयाची कराड येथील प्रयोगशाळा हे काम पाहते. २०१७ मध्ये छिद्र सुमारे तीन किलोमीटर खोलीपर्यंत गेले. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट जातीचा पुरातन खडक लागला. तळाशी नुसते वरचे ओझेच दर चौरस सेंटिमीटरला आठशे किलोग्रॅमहून अधिक आहे. छिद्राच्या भिंतीची चित्रे घेतली गेली आणि सुटलेल्या चिपांवरून व चिरांवरून मोठा आडवा दाब साधारणतः उत्तर-दक्षिण असल्याचे दिसले. वर सांगितलेल्या प्रस्तरभंगाशी ही दिशा तिरपी येते, आणि तिरपी भेगच सर्वांत सहज सरकते. दाबाशी काटकोनातील भेग घट्ट मिटलेली राहते.

दिशा कळते, तारीख नाही

तेव्हा त्या भोकात काय दिसले याचे उत्तर असे: खडक कोणत्या बाजूने दाबला जात आहे हे दिसले, आणि म्हणून परिसरातील अनेक भेगांपैकी कोणत्या भेगांवर लक्ष ठेवले पाहिजे हे कळू लागले. भूकंप केव्हा होणार, हे मात्र त्यावरून सांगता येत नाही. बैलगाडीचे जू कोणत्या बाजूला झुकले आहे हे पाहून गाडी कोणीकडे कलंडेल ते सांगता येते. कोणत्या खड्ड्याशी ती कलंडेल ते सांगता येत नाही. भूकंपाचा दिवस व वेळ खात्रीने सांगण्याची पद्धत आजही कोठेही उपलब्ध नाही. असा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये आणि 'संशोधन चालू आहे, आता धोका नाही' असे आश्वासनही शासकीय सेवकाने देऊ नये. दोन्हींनी लोक गाफील होतात.

तारीख कळत नसली तरी घर कसे बांधावे हे कळलेले आहे. किल्लारीला माणसे गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचे ओझे कोसळून. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे बांधदगड, दरवाजे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींना जोडणारा सलग काँक्रीटचा पट्टा आणि हलके छप्पर एवढ्या गोष्टी पाळल्या तरी जीवितहानी पुष्कळ टळते. घरकुलाचे वा शाळाखोलीचे काम पाहणाऱ्या पंचायतीने हा पट्टा प्रत्यक्ष पडला की नाही हे उभे राहून पाहावे.

शिक्षकांसाठी

हा विषय वर्गात दाखवणे कठीण नाही. स्पंजाच्या जाड तुकड्यावर वाटी ठेवून शाईने वर्तुळ काढावे आणि तुकडा दोन तळहातांमध्ये दाबावा. वर्तुळ दाबाच्या दिशेने आखूड आणि तिच्याशी काटकोनात लांबट होते. मग एका मुलाला डोळे मिटायला सांगून दुसऱ्याने वेगळ्या दिशेने स्पंज दाबून धरावा. पहिल्याने डोळे उघडून, दाबणारे हात कापडाने झाकलेले असताना, केवळ वर्तुळाच्या आकारावरून दाबाची दिशा सांगावी. गोठणे येथे शास्त्रज्ञांनी जे केले त्याचा गाभा एवढाच आहे. फक्त त्यांचे वर्तुळ तीन किलोमीटर खाली होते.

कोयना खोऱ्यातील त्या सदस्यांची पुन्हा गाठ पडली तर लेखक त्यांना हेच सांगेल आणि त्यांच्या पंचायतीच्या नव्या शाळाखोलीला पट्टा घातला आहे का, हेही विचारील.